ग्रेस हॉपर आणि कंपाइल न होणारा ड्रायव्हर

लिनक्स वापरणाऱ्यांना हा अनुभव कधी ना कधी येतोच. अपडेट आलं, त्यात नवा कर्नल होता, मशीन रिस्टार्ट केलं आणि वायफाय गायब. किंवा स्क्रीनवरची अक्षरं एकदम बैलगाडीएवढी. टर्मिनल उघडून पाहिलं तर कळतं की कालपर्यंत नीट चालणारा ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी कंपाइलच झालेला नाही. ड्रायव्हरच्या कोडला कोणी हात लावलेला नाही, कार्ड तेच आहे, तरी खालचा कर्नल बदलला आणि वरचं कोसळलं.

मी एम्बेडेड बोर्डांसाठी ड्रायव्हर लिहिण्याचं काम करते, त्यामुळे या एररशी माझं रोजचं येणं-जाणं आहे. उपाय काय करायचा ते पुढे सांगतेच. पण त्याआधी एका बाईंची गोष्ट, कारण लिहिलेला प्रोग्राम पुन्हा न लिहिता दुसरीकडे कसा चालवायचा हा प्रश्न त्यांनी आयुष्याची कित्येक वर्षं धरून ठेवला होता. कंपाइल हा शब्द आपण जो सहज वापरतो, तो या क्षेत्रात रुळवण्यातही त्यांचा मोठा वाटा आहे. नाव ग्रेस हॉपर.

सात घड्याळं

ग्रेसचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यू यॉर्कमध्ये झाला. वडील विम्याच्या व्यवसायात होते. तीन भावंडांत ती थोरली. सात वर्षांची असताना गजराचं घड्याळ आतून कसं चालतं हे बघायला तिने एक घड्याळ उघडलं. ते परत जोडता येईना, म्हणून नीट बघायला दुसरं उघडलं. असं करत घरातली सात घड्याळं सुटी झाल्यावर आईच्या लक्षात आलं. शिक्षा अशी झाली की यापुढे खेळायला एकच घड्याळ. ही गोष्ट हॉपरबाईंच्या प्रत्येक चरित्रात येते आणि मला ती आवडते, कारण पहिलं बिघडल्यावर दुसरं उघडून तुलना करणं ही डीबगिंगची अगदी अस्सल रीत आहे. चालणाऱ्या कर्नलवरचा लॉग आणि न चालणाऱ्या कर्नलवरचा लॉग शेजारी शेजारी ठेवून आम्ही दुसरं काय करतो!

वडिलांचे पाय आजारपणात गेले होते, आणि मुलींनीही मुलाइतकंच शिकून स्वतःच्या पायावर उभं राहावं असा त्यांचा आग्रह होता. ग्रेसने १९२८ मध्ये व्हॅसार कॉलेजातून गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन पदवी मिळवली, येल विद्यापीठातून १९३० मध्ये एम.ए. आणि १९३४ मध्ये गणितात पीएच.डी. केली. १९३० मध्येच व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी लग्न झालं. १९४५ मध्ये घटस्फोट झाला, पण आडनाव तेच राहिलं. १९३१ पासून त्या व्हॅसारमध्ये शिकवत होत्या. नोकरी चांगली होती, कायमची होती. तिथेच राहिल्या असत्या तर आपल्याला त्यांचं नाव कळलं नसतं.

डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली. हॉपरबाईंना नौदलात जायचं होतं. वय पस्तिशीकडे गेलेलं, वजन ठरलेल्या किमान मर्यादेपेक्षा सुमारे सात किलो कमी, शिवाय गणिताचे प्राध्यापक शिकवण्यासाठीच हवेत असं सरकारचं मत. त्यांनी खास सवलत मिळवली, कॉलेजातून रजा घेतली आणि डिसेंबर १९४३ मध्ये नौदलाच्या राखीव दलात नाव नोंदवलं. प्रशिक्षणात पहिला नंबर आला. जुलै १९४४ मध्ये त्यांना हार्वर्ड विद्यापीठात पाठवलं गेलं. तिथे जहाज नव्हतं, एक मशीन होतं.

मार्क वन आणि वह्या

हार्वर्ड मार्क वन हे मशीन आयबीएमने बांधलं होतं आणि कल्पना हॉवर्ड आयकेन यांची होती. लांबी सुमारे १५ मीटर, वजन सुमारे ५ टन. आत रिले, फिरणारे दांडे, चकत्या. सेकंदाला तीन बेरजा. गुणाकाराला काही सेकंद, साइन काढायला मिनिटभर. प्रोग्राम म्हणजे भोकं पाडलेली कागदी पट्टी. आयकेन तेव्हा नौदलाचे अधिकारी म्हणूनच ही प्रयोगशाळा चालवत होते, आणि कडक शिस्तीचे म्हणून प्रसिद्ध होते. मशीन रात्रंदिवस चाले, कारण निकाल युद्धासाठी हवे असत. अणुबॉम्बच्या कामातलं एक गणितही जॉन फॉन नॉयमन यांनी १९४४ मध्ये याच मशीनवर आणलं होतं.

या मशीनसाठी सॉफ्टवेअर नावाची वस्तू विकत मिळत नव्हती. रॉबर्ट कॅम्पबेल आणि रिचर्ड ब्लॉक हे दोघे आधीपासून प्रोग्राम लिहीत होते, हॉपरबाई तिसऱ्या. कुणाच्या गणितात साइन लागला, कुणाच्या गणितात लॉगॅरिदम. एकदा लिहून, तपासून, बरोबर ठरलेला तुकडा पुन्हा लिहिण्यात अर्थ नाही, हे सगळ्यांना लगेच कळलं. म्हणून प्रत्येकाने वही ठेवली. साइनचा तुकडा हवा असला की ज्याच्या वहीत असेल त्याच्याकडून उतरवून घ्यायचा. आज आपण ज्याला लायब्ररी म्हणतो ती तेव्हा हातांनी लिहिलेल्या वह्यांत होती. आयकेन यांनी हॉपरबाईंना मशीनचं मॅन्युअल लिहायला बसवलं. ते १९४६ मध्ये प्रसिद्ध झालं, पाचशेहून अधिक पानांचं.

वहीतून उतरवण्याच्या या पद्धतीतच पुढच्या सगळ्या गोष्टीचं बीज आहे. हाताने उतरवताना माणूस चुकतो. किराणा दुकानाच्या वहीत १ चा ९ होतो, तसंच तिथेही व्हायचं. इंग्रजी बी हे अक्षर घाईत १३ सारखं दिसायचं, ४ चा आकडा डेल्टासारखा. आणि एक चुकलेलं भोक म्हणजे सगळं गणित वाया.

हार्वर्डचं नाव निघालं की पतंगाची गोष्टही निघतेच. ९ सप्टेंबर १९४७ रोजी मार्क टू या पुढच्या मशीनच्या एका रिलेत अडकलेला पतंग सापडला आणि तो चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवला गेला. ती वही आज स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. पण बग हा शब्द हॉपरबाईंनी शोधला असं जे सगळीकडे फिरतं, ते खरं नाही. यंत्रातल्या दोषाला बग म्हणायची पद्धत एडिसनच्या काळातही होती. नोंदवहीतला विनोदच मुळी तो शब्द आधीच माहीत असल्यामुळे झाला. हॉपरबाईंनी ही गोष्ट पुढे भाषणांतून रंगवून सांगितली, म्हणून ती त्यांच्या नावावर चढली. त्यांचं खरं काम याहून कितीतरी मोठं आहे.

ए-झिरो

हार्वर्डमधली मुदत संपल्यावर १९४९ मध्ये त्या फिलाडेल्फियात एकर्ट-मॉचली या छोट्या कंपनीत गेल्या. ही कंपनी युनिव्हॅक नावाचा कम्प्युटर बनवत होती, आणि पैशांची चणचण इतकी होती की पुढच्याच वर्षी रेमिंग्टन रँड कंपनीने ती विकत घेतली. हॉपरबाईंसाठीही हा काळ सोपा नव्हता. युद्ध संपलं होतं, लग्न मोडलं होतं, आणि दारूचा त्रास इतका वाढला होता की मित्रांना मध्ये पडावं लागलं. त्यातून त्या सावरल्या. आणि नंतरच्या दोन वर्षांत त्यांनी जे केलं त्यावर आपलं सगळं क्षेत्र उभं आहे.

युनिव्हॅकची मेमरी १००० शब्दांची होती, म्हणजे पत्ते ००० ते ९९९. समजा तुमच्याकडे साइन काढणारा तपासलेला तुकडा आहे. तो लिहिताना सुरुवात पत्ता ० पासून धरली आहे आणि मध्ये कुठेतरी १७ व्या पत्त्यावर उडी मार असा हुकूम आहे. आता हा तुकडा तुमच्या प्रोग्रामात ३०० व्या पत्त्यापासून बसवायचा आहे. मग १७ च्या जागी ३१७ हवं. असे जितके पत्ते तुकड्यात असतील, त्या प्रत्येकात ३०० मिळवायचे. हे काम माणसं करत होती, कागद-पेन्सिल घेऊन. आणि हॉपरबाईंचं निरीक्षण असं होतं की प्रोग्रामर मंडळींना धड उतरवताही येत नाही आणि धड बेरीजही करता येत नाही. समोर मात्र एक मशीन आहे, जे उतरवणं आणि बेरीज या दोनच गोष्टींत पटाईत आहे. मग हे काम मशीनलाच का देऊ नये?

म्हणून त्यांनी सगळे तुकडे टेपवर घेतले आणि प्रत्येकाला एक क्रमांक दिला. गणित मांडणाऱ्याने फक्त कोणते तुकडे कोणत्या क्रमाने हवेत आणि कशाला काय द्यायचं एवढं सांगायचं. टेपवरून तुकडे शोधून आणणं, पत्ते जुळवणं, एकापाठोपाठ एक लावून पूर्ण प्रोग्राम तयार करणं हे युनिव्हॅक करणार. या प्रोग्रामचं नाव ए-झिरो. इकडून तिकडून तुकडे गोळा करून एकत्र बांधणं, म्हणून कंपाइल. मे १९५२ मध्ये त्यांनी या कामावर निबंध वाचला.

यात एक अडचण होती आणि तिचं उत्तर मला फार आवडतं. प्रोग्राम तयार होत असताना कधी मागे उडी मारायची असते, तेव्हा तो पत्ता माहीत असतो. पण पुढे उडी मारायची असेल तर? पुढचा तुकडा अजून बसलेलाच नाही, त्याचा पत्ता कोणता लिहिणार? हॉपरबाई कॉलेजात बास्केटबॉल खेळायच्या. पुढे धावत जाणाऱ्या गड्याकडे चेंडू आधी मधल्या कुणाच्या हातात द्यायचा आणि तो जागेवर पोचला की मग त्याच्याकडे टाकायचा, हा डाव त्यांना आठवला. त्यांनी मेमरीत एक तटस्थ कोपरा राखून ठेवला. पुढची उडी आधी त्या कोपऱ्यात मारायची. नंतर खरा तुकडा बसला की कोपऱ्यातून तिकडे जाणारी दुसरी उडी लिहायची. माहीत नसलेल्या पत्त्यासाठी जागा राखायची आणि पत्ता कळल्यावर ती भरायची.

आता आपल्या ड्रायव्हरकडे या. ड्रायव्हरचं मॉड्यूल कंपाइल होतं तेव्हा नेमकं हेच होतं. कर्नलमधलं मेमरी देणारं फंक्शन, लॉगमध्ये लिहिणारं फंक्शन, यांचे पत्ते मॉड्यूलच्या फाइलमध्ये नसतात. तिथे फक्त नाव आणि रिकामी जागा असते. मॉड्यूल लोड करताना कर्नल आपल्या यादीत ते नाव शोधतो आणि जागा भरतो. नाव सापडलं नाही की अननोन सिम्बॉल ही एरर येते. काटेकोर बोलायचं तर ए-झिरो हा आजच्या अर्थाने कंपायलरपेक्षा लिंकर आणि लोडर जास्त होता, असं जाणकार म्हणतात, आणि ते बरोबर आहे. त्याने त्याचं मोल कमी होत नाही.

सुरुवातीला बऱ्याच जणांनी हे मनावरच घेतलं नाही. कम्प्युटर गणित करतो, प्रोग्राम तयार करत नाही, अशी ठाम समजूत होती. पुढे सुधारणा होत ए-टू आला, आणि १९५३ च्या अखेरीस तो युनिव्हॅकच्या ग्राहकांकडे सोर्स कोडसकट गेला. वापरा, सुधारा आणि सुधारणा आम्हाला कळवा, असं त्यांना सांगितलं होतं. ओपन सोर्सची ही अगदी सुरुवातीची उदाहरणं.

एकच प्रोग्राम, दोन मशीनं

यानंतर हॉपरबाईंनी आणखी पुढची मागणी केली. हिशेब ठेवणाऱ्या माणसाने गणिती चिन्हं का शिकावीत? त्याला सरळ इंग्रजी शब्दांत लिहू द्या. शब्द हे शेवटी चिन्हंच, हे पटवण्यासाठी त्यांच्या गटाने तोच छोटा प्रोग्राम फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखवला. झालं उलटंच. अमेरिकन कम्प्युटरला फ्रेंच आणि जर्मन कळतं हे बघून वरिष्ठ बिथरले, आणि पुढे फक्त इंग्रजीचंच बोला असं ठरलं. (मशीनच्या दृष्टीने मराठी शब्दही तसेच चालले असते, पण तो वेगळा विषय.) यातून फ्लो-मॅटिक ही भाषा तयार झाली.

तोवर प्रत्येक कंपनीचा कम्प्युटर वेगळा आणि त्याची भाषाही वेगळी. मशीन बदललं की वर्षानुवर्षांचे प्रोग्राम कचऱ्यात. सगळ्यात मोठा फटका अमेरिकेच्या संरक्षण खात्याला बसत होता, कारण त्यांच्याकडे सगळ्याच कंपन्यांची मशीनं होती. १९५९ मध्ये त्यांच्या पुढाकाराने समिती बसली आणि कोबोल ही सामायिक भाषा तयार झाली. हॉपरबाईंना कोबोलची आई म्हणतात, पण भाषेचा तपशील लिहिणाऱ्या गटात जीन सॅमेट आणि इतर मंडळी होती. हॉपरबाई सल्लागार होत्या. त्यांच्या फ्लो-मॅटिकचा ठसा मात्र कोबोलवर स्पष्ट आहे.

६ आणि ७ डिसेंबर १९६० या दोन दिवसांत जवळजवळ एकच कोबोल प्रोग्राम दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनांवर, म्हणजे आरसीए आणि युनिव्हॅकवर, चालवून दाखवला गेला. किरकोळ बदल करावे लागले, एवढंच. आपल्याकडच्या आधीच्या पिढीतल्या अनेकांनी १९९० च्या दशकात वायटूकेच्या कामासाठी जे जुने कोबोल प्रोग्राम उघडले, ते इतकी वर्षं टिकले त्याचं मूळ या दोन दिवसांत आहे.

पण भाषा ठरवली म्हणून प्रश्न संपत नाही. प्रत्येक कंपनीने कोबोलमध्ये आपापली भर घातली, आणि एकाचा कोबोल दुसऱ्याकडे चालेनासा झाला. हॉपरबाई १९६६ च्या अखेरीस नौदलातून निवृत्त झाल्या होत्या. १९६७ च्या ऑगस्टमध्ये नौदलाने त्यांना सहा महिन्यांसाठी परत बोलावलं, कारण नौदलातच कोबोलच्या बोली वाढल्या होत्या. ते सहा महिने जवळजवळ एकोणीस वर्षं चालले. या काळातलं त्यांच्या गटाचं काम कमी प्रसिद्ध आहे, पण माझ्या मते तेच सगळ्यात महत्त्वाचं. त्यांनी तपासणी करणारे प्रोग्राम लिहिले. कंपनी म्हणते आमचा कंपायलर प्रमाण कोबोल पाळतो? मग हे प्रोग्राम त्यावर चालवा, आणि पाळतो की नाही ते दिसू द्या. ही पद्धत पुढे सरकारी खरेदीतही आली.

कर्नलने न दिलेलं वचन

आता मूळ प्रश्न. १९६० मध्ये एक प्रोग्राम दोन मशीनांवर चालला, तर आज ५.४ वरचा ड्रायव्हर ६.८ वर का कंपाइल होऊ नये?

कारण लिनक्सने दोन वेगळी धोरणं ठरवली आहेत. वर चालणाऱ्या प्रोग्रामांना, म्हणजे ब्राउझर, डेटाबेस, तुमची पायथन स्क्रिप्ट यांना, कर्नलने पक्कं वचन दिलंय की नवा कर्नल आला तरी तुमचं काही मोडणार नाही. पण कर्नलच्या आतल्या फंक्शनांबद्दल असं कोणतंही वचन नाही. ती कधीही बदलतील, नाव बदलेल, एखादं निघूनही जाईल. आणि ड्रायव्हर आतला आहे.

एक खरं उदाहरण. ॲक्सेस ओके नावाचं फंक्शन वापरकर्त्याने दिलेला मेमरीचा पत्ता वैध आहे का हे तपासतं. त्याला पूर्वी तीन गोष्टी द्याव्या लागत. पहिली होती वाचायचंय की लिहायचंय. ही माहिती खऱ्या अर्थाने लागायची ती जुन्या ३८६ प्रोसेसरसाठी, आणि त्याचा आधार कर्नलने केव्हाच काढून टाकला होता. तरी ती रिकामी प्रथा चालूच राहिली. २०१९ मध्ये आलेल्या ५.० मध्ये ती काढली. ज्याने हा बदल केला त्याने कर्नलमधल्या शेकडो ठिकाणचे वापरही त्याच फटक्यात दुरुस्त केले. पण कर्नलच्या बाहेर, कुठल्याशा उत्पादकाच्या झिप फाइलमध्ये पडलेले ड्रायव्हर कोण दुरुस्त करणार? ते मोडले. पुढे ५.६ मध्ये प्रॉक फाइलींसाठीचं स्ट्रक्चर बदललं, ६.४ मध्ये क्लास क्रिएटचं एक आर्ग्युमेंट गेलं, ६.८ मध्ये एसटीआरएलसीपीवाय हे फंक्शनच निघालं. प्रत्येक वेळी तीच गोष्ट.

हॉपरबाईंना हे धोरण रुचलं असतं का, हे सांगायला मी कोण. मला स्वतःला ते पटतं. आतल्या प्रत्येक फंक्शनला जन्मभर जपायचं ठरवलं असतं तर ३८६ चा तो सांगाडा आजही प्रत्येक ड्रायव्हरने वाहिला असता. पण त्याची किंमत कोण मोजतं हे स्पष्ट बोललं पाहिजे. ज्याने स्वस्तातला यूएसबी वायफाय डोंगल घेतला आणि ज्याच्या उत्पादकाने एकदा कोड फेकून पाठ फिरवली, तो ग्राहक मोजतो.

मग करायचं काय? आधी यूनेम -आर ही कमांड चालवून सध्या कोणता कर्नल चालू आहे ते बघा, आणि त्याच आवृत्तीच्या हेडर फाइली आहेत का ते तपासा. अर्ध्याहून जास्त वेळा घोटाळा इथेच असतो, असा माझा अनुभव आहे. अपडेटने कर्नल आणला, हेडर आणले नाहीत. डेबियन-उबंटूवर लिनक्स-हेडर्स हे पॅकेज लागतं, फेडोरावर कर्नल-डेव्हेल. आवृत्ती शेवटच्या आकड्यापर्यंत जुळायला हवी. नव्या कर्नलसोबत जीसीसीची आवृत्तीही बदललेली असू शकते. कर्नल ज्या कंपायलरने बांधला त्यापेक्षा तुमचा वेगळा असेल तर तसा इशारा लॉगमध्ये सुरुवातीलाच मिळतो.

हेडर ठीक असतील तर लॉग वाचा. बरेच ड्रायव्हर डीकेएमएस या व्यवस्थेतून येतात. ही डेल कंपनीत तयार झाली, आणि नवा कर्नल आला की ती ड्रायव्हर आपोआप पुन्हा कंपाइल करते. तिने ठेवलेला मेक डॉट लॉग व्हार, लिब, डीकेएमएस या फोल्डरांच्या आत त्या मॉड्यूलच्या नावाखाली सापडतो. लोक शेवटची ओळ कॉपी करून मदत मागतात, आणि शेवटच्या ओळीत फक्त एरर २ एवढंच असतं, त्यातून ब्रह्मदेवालाही काही कळणार नाही. वरून खाली या आणि पहिली एरर शोधा. इम्प्लिसिट डिक्लरेशन दिसलं तर ते फंक्शन गेलंय किंवा त्याचं नाव बदललंय. टू मेनी किंवा टू फ्यू आर्ग्युमेंट्स दिसलं तर फंक्शन तेच आहे, द्यायच्या गोष्टी बदलल्या आहेत. इनकंपॅटिबल पॉइंटर दिसलं तर बहुधा स्ट्रक्चर किंवा फंक्शनची ठेवण बदलली आहे.

कारण कळलं की उत्पादकाची किंवा डिस्ट्रोची नवी आवृत्ती शोधा. बहुतेक वेळा कुणीतरी दुरुस्ती केलेली असते. नसेल आणि सी येत असेल, तर कर्नलची आवृत्ती तपासून जुन्यासाठी जुनी ओळ आणि नव्यासाठी नवी ओळ अशी अट घालता येते. तोवर काम अडू नये म्हणून ग्रबच्या मेन्यूतून जुना कर्नल निवडून मशीन चालू करा. तो अपडेटनंतरही काही काळ शिल्लक असतो. कंपाइल झालं पण लोड होत नाही आणि की नाकारल्याचा निरोप येतोय? मग कोडचा दोष नाही. सिक्युअर बूट चालू आहे आणि मॉड्यूलवर मशीनला मान्य असलेली सही नाही.

एक मात्र करू नका. जुन्या कर्नलसाठी कंपाइल केलेलं मॉड्यूल फोर्स करून नव्यात घुसवू नका. प्रत्येक मॉड्यूलमध्ये ते कोणत्या कर्नलसाठी बांधलं याची खूण असते, आणि बऱ्याच डिस्ट्रोंच्या कर्नलमध्ये प्रत्येक फंक्शनच्या ठेवणीवरून काढलेला चेकसमही तपासला जातो. ठेवण बदलली की चेकसम जुळत नाही आणि कर्नल नकार देतो. वचन पाळलं गेलंय का हे माणसाच्या शब्दावर न सोडता मशीनकडून तपासून घ्यायचं, हे हॉपरबाईंच्या त्या तपासणी प्रोग्रामांसारखंच. त्या तपासणीला बगल देऊन मॉड्यूल लोड केलंत, तर मशीन कधी आणि कुठे कोसळेल याचा नेम नाही.

तारेचे तुकडे

नौदलातल्या शेवटच्या वर्षांत हॉपरबाई देशभर व्याख्यानं देत फिरत. सोबत तारेचे तुकडे असत, प्रत्येक सुमारे ३० सेंटिमीटर लांब. वीज एका नॅनोसेकंदात जास्तीत जास्त एवढीच धावू शकते, हे दाखवायला. उपग्रहावरून निरोप यायला वेळ का लागतो असं सेनाधिकाऱ्यांनी विचारलं, की त्या हा तुकडा पुढे करत आणि इथून उपग्रहापर्यंत असे किती लागतील याचा विचार करायला लावत. मायक्रोसेकंद दाखवायला जवळजवळ ३०० मीटर तारेचं वेटोळं होतं. ऑफिसात उलट फिरणारं घड्याळ होतं. नेहमीच्या दिशेनेच काटे फिरले पाहिजेत असं कुठे आहे, हे येणाऱ्याला न बोलता कळावं म्हणून. घड्याळांनी त्यांची पाठ काही सोडली नाही.

१९७३ मध्ये त्या कॅप्टन झाल्या, १९८३ मध्ये कमोडोर, आणि १९८५ मध्ये त्या हुद्द्याचं नाव बदलल्यावर रिअर ॲडमिरल. १४ ऑगस्ट १९८६ रोजी बोस्टनमध्ये यूएसएस कॉन्स्टिट्यूशन या १७९७ सालच्या जहाजावर त्यांचा निरोप समारंभ झाला. वय ७९. तेव्हा अमेरिकी सैन्यदलांत सेवेत असलेल्या त्या सर्वांत वयस्कर अधिकारी होत्या. घरी बसायचा प्रश्नच नव्हता. लगेच डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे डेक, या कंपनीने त्यांना सल्लागार म्हणून घेतलं आणि शेवटपर्यंत त्या तिथे होत्या.

१ जानेवारी १९९२ रोजी त्या गेल्या. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत त्यांचं दफन झालं. त्या वेळी लिनक्स जेमतेम काही महिन्यांचं होतं आणि फक्त ३८६ वर चालायचं. दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरवर ते नेता येईल असं लिनस टोरवाल्ड्सलाही सुरुवातीला वाटलं नव्हतं. १९९४ मध्ये त्याला त्यासाठी एक वेगळं मशीन मिळालं, अल्फा प्रोसेसरचं. ते मिळवून दिलं होतं डेकमध्ये काम करणाऱ्या जॉन हॉल यांनी. मार्च १९९५ मध्ये लिनक्स १.२ आलं, त्यात ३८६ च्या जोडीला अल्फासाठीचाही कोड होता.